दहावीनंतरची सुट्टी आणि ओहोटीचं वेळापत्रक

पत्र : माझी मुलगी यंदा दहावीला बसली. डिसेंबरात मैत्रिणीबरोबर कार्टर रोडला ओहोटीच्या वेळी किनारा बघायला गेली होती. तेव्हापासून ‘मला समुद्री जीवशास्त्रच करायचंय’ असं धरून बसली आहे. तिच्या बाबांनी अकरावीच्या इंटिग्रेटेड क्लासची (कॉलेज आणि प्रवेश परीक्षांची शिकवणी एकत्र) चौकशी केली आहे. एप्रिलपासून बॅच आहे. एका सकाळच्या अनुभवावर एवढा मोठा निर्णय घ्यावा का? – एक आई, भांडुप

ताई,

एका सकाळीवर निर्णय घेऊ नका, आणि तो घाईने मोडूनही काढू नका. त्या दिवशी कुणी माहीतगार माणसाने बोट दाखवलं आणि तिला खेकडे, शंख, समुद्रफुलं दिसली. या क्षेत्रातलं रोजचं काम मात्र मोजण्याचं, लिहिण्याचं आणि तीच जागा पुन्हा पुन्हा बघण्याचं आहे. ते तिला मानवतं का, हे सुट्टीत फारसा खर्च न करता कळू शकतं. बॅचचे पैसे भरायला थोडं थांबा. तिला एकच किनारा, सहा फेऱ्या आणि एक वही एवढंच काम द्या.

किनारा कार्टर रोडचाच ठेवा, खडकाळ आहे आणि तिच्या ओळखीचा आहे. वेळेचा हिशेब कोळी लोकांचा जुना आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती आणि त्याआधी साधारण सहा तास ओहोटी, सकाळी आठ-साडेआठला. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी येते, पण ती भांगाची. पाणी फारसं मागे हटत नाही, म्हणून ते दिवस सोडून द्यायचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. आधीचे दोन दिवस ओहोटी दुपारनंतर मिळते, नंतरचे तीन दिवस सकाळी. या हिशेबात अर्ध्या तासाची चूक सहज होते, त्यामुळे आदल्या रात्री मोबाइलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं आणि ओहोटीची उंची एक मीटरपेक्षा कमी असेल तोच दिवस धरायचा.

आता मोजणीसाठी लागणारी चौकट. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो (कोपऱ्याचे जोड) जोडून आतून ५० बाय ५० सेंटिमीटर भरेल असा चौकोन करायचा. पाइपला खाली-वर भोकं पाडायला विसरू नका; आत हवा अडकली की चौकट डबक्यात तरंगते. दर १० सेंटिमीटरवर सुतळी ओढली की २५ घरं होतात. भरतीच्या रेषेपासून पाण्याकडे ५० मीटर दोरी टाकायची आणि दर पाच मीटरला चौकट ठेवून आत काय आहे, किती आहे, ते लिहायचं. दहा चौकटींना दीड तास लागतो.

इथे हटकून एक चूक होते. चौकट जिथे भरपूर जीव दिसतात तिथे ठेवली जाते. मग तक्त्यात सगळीकडे गर्दी दिसते आणि किनारा खरा कसा आहे ते कळतच नाही. दोरीवर पाच मीटरची खूण आली की चौकट तिथेच, मग खाली नुसता कोरडा खडक का असेना. त्या चौकटीत शून्य लिहायचं. शून्य हीसुद्धा नोंद आहे. दुसरी चूक शंख मोजताना होते : आत संन्यासी खेकडा बसलेला असेल तर तो शंख गोगलगायीचा म्हणून मोजायचा नाही. पालथं घालून क्षणभर थांबलं की पाय बाहेर येतात. नाव माहीत नसेल तर ‘शंख १’ लिहून शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि घरी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचा. तिथे जाणकार लोक ओळखायला मदत करतात.

लिहायला पेन्सिलच न्यावी, ओल्या कागदावर शाई फुटते. पायात जुने बंद बूट हवेत. शेवाळं निसरडं असतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा. काहीही घरी आणायचं नाही. प्रवाळ तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. सोबत एक मोठं माणूस हवंच, आणि पाणी परत फिरलं की अर्ध्या तासात वर यायचं. फेऱ्या मेअखेर संपवा, जूनच्या लाटांत हे काम नको.

तुम्ही स्वतः एकच गोष्ट बघा : घरी आल्यावर त्याच दिवशी ती नोंदी नीट उतरवून काढते का? चौथ्या फेरीला, नवं काहीच दिसत नसताना, ‘खालच्या चौकटीत मागच्या वेळेपेक्षा कमी का?’ असं विचारते का? हे झालं तर आवड पक्की समजा. फोटो शेअर करून वही कोरीच राहिली, तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं.

या वहीने अकरावीच्या प्रवेशात एक गुणही वाढणार नाही, तो दहावीच्या गुणांवरच मिळतो. सर्टिफिकेटं गोळा करायच्या मागे लागू नका.

बाबांच्या काळजीबद्दल. अकरावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घ्यावं. पुढे मासे मोजायचे म्हटले तरी संख्याशास्त्र लागतंच. प्राणिशास्त्राच्या बी.एस्सी.ला ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा लागत नाही. रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मुंबईतच आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्रही अंधेरीला आहे. कायमच्या जागा थोड्या, बरीच वर्षं प्रकल्पावरची कंत्राटी कामं, हे मात्र बाबांपासून लपवू नका. इंटिग्रेटेड क्लास घ्यायचाच झाला तर पैसे भरण्याआधी विचारा : प्रात्यक्षिकं आठवड्यात किती तास आणि कुठल्या प्रयोगशाळेत? उत्तर गुळमुळीत आलं तर तो क्लास तिच्यासाठी नाही.

पहिली फेरी चैत्र पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला ठेवा, कोष्टकातली उंची बघून. साडेसातला किनाऱ्यावर पोचायचं तर भांडुपहून सहाच्या आत लोकल धरावी लागेल, दादरला बदलून वांद्र्याला उतरायचं. दोरीचं दुसरं टोक धरायला बाबांना न्या.