रक्ताला सूज येते का?

नागपूरहून धंतोलीतल्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘बाबांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, रक्तात सूज आहे, सीआरपी वाढला आहे. रक्त कसं सुजेल? आणि इन्फ्लमेटरी मार्करला, प्रेडिक्टरला मराठीत काय म्हणायचं?’

रक्त सुजत नाही. सूज फुप्फुसात आहे, रक्तात आली आहे ती तिची वर्दी. संसर्ग झाला की यकृत सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) नावाचं प्रथिन भराभर रक्तात सोडतं. ‘रक्तात सूज’ हा घाईतला सोपा शब्दप्रयोग. समजायला बरा, पण चुकीचा.

मुळात सूज हे इन्फ्लमेशनच्या चार लक्षणांपैकी एक. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चौकडी सांगून ठेवली आहे. ‘इन्फ्लमेशन’च्या लॅटिन मुळाशी ‘पेटवणे’ आहे, आपल्या ‘दाह’च्या मुळाशी ‘जळणे’. म्हणून मला दाहच पसंत. हिंदीत ‘शोथ’ चालतो आणि नागपुरात तो कानावर पडतोही, पण संस्कृतात शोथ म्हणजे सूजच, म्हणजे पुन्हा तिथेच आलो. दाहची एक अडचण मात्र आहे: मे महिन्यात नागपूरकराला ‘दाह’ म्हटलं की तो कूलरकडे बघेल. म्हणून पेशंटशी बोलताना एक वाक्य जास्त खर्चावं.

मार्करला ‘दर्शक’ म्हणावं. ‘निर्देशांक’ नको, तो शेअर बाजाराने नेला. दाहदर्शक हा शब्द नेमका बसतो, कारण न्यायदर्शनातला (आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला) धूर जसा डोंगरावर आग आहे एवढंच सांगतो, तसा सीआरपीही. आग कुठल्या घराला, ते तो सांगत नाही.

खरी पंचाईत ‘प्रेडिक्टर’ची, म्हणजे दुखणं पुढे कुठे जाईल ते सुचवणाऱ्या खुणेची. वर्तमानपत्रं ‘भाकीत’ लिहितात, भाकीत ज्योतिषाचं. आयुर्वेदाकडे यासाठी तयार शब्द आहे, साध्यासाध्यता: दुखणं साध्य, कष्टसाध्य, याप्य (बरं न होणारं, पण उपचाराने आटोक्यात राहणारं) की असाध्य. मृत्यूसूचक लक्षणाला तिथे ‘अरिष्ट’ म्हणत. आपण त्याचं सरसकट संकट करून टाकलं. तुमच्या कामाचा शब्द ‘पूर्वसूचक’. दर्शक आत्ताचं सांगतो, पूर्वसूचक पुढचा कल. एकच सीआरपी दोन्ही कामं करतो, म्हणून गोंधळ होतो. दाह थांबला की रक्तातला सीआरपी साधारण 19 तासांत निम्मा होतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा उपचार सुरू झाल्यावर तो उतरतो की अडून बसतो, यावरून डॉक्टर दुखण्याचा कल ओळखतात. ईएसआर (तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, हाही एक दाहदर्शक) उतरायला मात्र आठवडे घेतो.

जाता जाता, सीआरपीतला ‘सी’. विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस यांना 1930 मध्ये हे प्रथिन सापडलं, ते न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला चिकटतं म्हणून. आणि ते ज्यांच्या रक्तात सापडलं, ते रुग्ण न्यूमोनियाचेच होते.