पुन्हा चान्स घ्यायचाय, पण धास्ती वाटते

प्रश्न: ताई, मी ३१ वर्षांची, भांडुपला राहते. ऑफिस अंधेरीला, म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो. जूनच्या मध्यावर, नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत आणि क्युरेटिंग करावं लागलं. आमची ही पहिलीच वेळ. त्यानंतर एक पाळी येऊन गेली. सासूबाई म्हणतात, गाडीतल्या धक्क्यांनी पडलं, आता वर्षभर थांब आणि नोकरी सोड. नवरा म्हणतो, लगेच चान्स घेऊ. मैत्रीण म्हणते, आधी टॉर्च टेस्ट (गर्भाला अपाय करू शकणाऱ्या काही इन्फेक्शन्सची रक्ततपासणी) कर. मला रात्र रात्र झोप नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: आधी गाडीचं बोलू, कारण तुझी झोप त्यानेच उडवलेली दिसते. लोकलच्या गर्दीने तुझा गर्भ पडलेला नाही. नवव्या आठवड्यात गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रं कमी-जास्त झालेली असतात, आणि ते घडतं बीज तयार होताना किंवा फळताना, तू घरी टेस्ट करायच्याही आधी. सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून बघ. त्यात सीआरएलपुढे गर्भाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. नीट वाढणाऱ्या गर्भाची ती सातव्या आठवड्याला साधारण १० आणि नवव्याला २३ असते. तुझा आकडा लहान असेल, तर वाढ तुला कळण्याच्या कितीतरी दिवस आधीच थांबली होती. तो कागद सासूबाईंनाही दाखव. पपई खाल्ली, बादली उचलली, जिना चढली, यानेही असं होत नाही. नोकरी सोडण्याचं काही कारण नाही.

आता थांबण्याचं. सहा महिने थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना पूर्वी सांगत असे. पण त्याआधी दिवस राहिलेल्या बायकांचं काही वाईट होत नाही, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. एक पाळी येऊ देतात ती मुख्यतः पुढच्या गरोदरपणाची तारीख नीट मोजता यावी म्हणून, आणि ती तुझी येऊन गेलीय. चान्स घेण्याआधी घरची टेस्ट एकदा निगेटिव्ह आलेली असू दे. शरीरात गरोदरपणाचं जुनं हार्मोन उरलं असेल तर बीज सुटल्याचं दाखवणारी किटही खोटी रेघ दाखवते. पाळी पूर्वीपेक्षा फारच कमी जात असेल किंवा पुढची आलीच नाही, तर डॉक्टरांना सांग; क्युरेटिंगनंतर क्वचित गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटतात.

एक कागद मात्र चान्स घेण्याआधी मिळवच: काढलेल्या भागाचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. त्यात मोल किंवा मोलर (म्हणजे वारेची असामान्य वाढ) असा शब्द असेल तर थांबायचं, रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे तेच गरोदरपणाचं हार्मोन, खाली येईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत. डिस्चार्ज कार्डावर रक्तगटही बघ. तुझा निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांत दिल्याची नोंद आहे का ते तपास. नसेल तर डॉक्टरांना विचारून इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तुझ्या शरीरात अँटीबॉडीज तयार झाल्यात का ते बघणारी) करून घे.

टॉर्च टेस्ट करू नकोस. तिच्यात आयजीजी (जुन्या इन्फेक्शनची किंवा लशीची खूण असलेल्या अँटीबॉडीज) पॉझिटिव्ह येणं म्हणजे कधीकाळी ते इन्फेक्शन होऊन गेलं, एवढाच अर्थ. पण तो कागद बघून घरात घबराट होते आणि नको ती औषधं सुरू होतात. एका गर्भपातानंतर लागतं ते थोडं: हिमोग्लोबिन, साखरेसाठी एचबीएवनसी, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि पूर्वी केली नसेल तर थॅलेसेमियासाठी एचपीएलसी. ती तुझी पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याची करायची. लहानपणी रुबेलाची लस घेतल्याचं माहीत नसेल तर तेवढं आयजीजी बघ. लस घ्यावी लागली तर नंतर एक महिना चान्स घ्यायचा नाही. रक्त गोठण्याच्या आणि अँटीफॉस्फोलिपिडच्या (रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटीबॉडीजच्या) महागड्या तपासण्या दोन गर्भपात झाल्यावरच्या. कोणी आताच रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुचवली तर कशासाठी, असं स्पष्ट विचार.

फॉलिक ॲसिड आजपासून सुरू कर. निदान एक महिना आधी, जमलं तर तीन महिने, आणि पुढे बाराव्या आठवड्यापर्यंत. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईतो बराचसा काळ संपलेला असतो. लागतात रोजचे ४०० मायक्रोग्रॅम. केमिस्टकडे सहसा मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी, बारापटीहून जास्त. ती मधुमेह, फिटची औषधं किंवा पूर्वी बाळाच्या मणक्यात दोष आढळला असेल तर. तुला कोणती हवी ते डॉक्टरांकडून लिहून घे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाची गोळीही घे, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको. चहा-कॉफी दिवसाला दोन कप. मिश्री किंवा तंबाखू असेल तर बंद, आणि हे नवऱ्यालाही लागू. गुटखा, सिगारेट त्याने आज सोडली तरी नवं वीर्य तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात. त्याला घाई आहे ना, मग सुरुवात त्याने करावी.

पाळी २८ दिवसांची असेल तर दहाव्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध पुरेसा आहे. किट, ॲप, कमरेखाली उशी यांत अडकू नकोस.

पण तारीख शरीर एकटं ठरवत नाही. तुझी डिलिव्हरीची तारीख जानेवारीत आली असती, आणि तेव्हाच घरोघरी हळदीकुंकू असतं. वाण घेताना कोणीतरी गोड बातमीचं विचारणारच. न जाण्याची मुभा स्वतःला आत्ताच दे आणि नवऱ्याला सांगून ठेव. झोप अशीच उडालेली राहिली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मन तयार नसेल तर दोन महिने थांबलीस म्हणून काही बिघडत नाही. ३१ हे वय घाईचं नाही.

दिवस राहिले की पहिली सोनोग्राफी सात आठवडे पूर्ण झाल्यावर कर. पाचव्या-साडेपाचव्याला गेलीस तर ठोके बहुधा दिसत नाहीत आणि पुढचा आठवडा उगाच जीव टांगणीला. मध्ये अंगावरून रक्त जाऊ लागलं तर मात्र थांबू नकोस. आधी एक गर्भ गेलाय हे पहिल्या वाक्यात सांग, कारण अशा वेळी योनीमार्गे द्यायच्या प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होऊ शकतो. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा खांदा दुखू लागला, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असू शकतो. अपॉइंटमेंट न बघता थेट हॉस्पिटल गाठ.