केवळ वनस्पतिजन्य आहार सुरू करताना

केवळ वनस्पतिजन्य आहार घेण्याचे तुम्ही ठरवले, याचा मला मनापासून आनंद आहे. विदर्भातल्या खेड्यात त्यासाठी महागडे काही आणावे लागत नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असते आणि ती उणीव डाळी भरून काढतात, म्हणून भाकरीबरोबर तुरीचे वरण किंवा एखादी उसळ रोज असावी. जवस मात्र भाजून, बारीक कुटून चटणीतच खावे, कारण अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात आणि त्यांतील ओमेगा-3 हा उपयुक्त स्निग्ध घटक वाया जातो. अशा आहारातील तंतूंमुळे कोलेस्टेरॉल आटोक्यात राहण्यास मदत होते. पालेभाजीतील लोह अंगी लागावे यासाठी वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा (ही सवय मोडणे कठीण असते) घेऊ नये.

माझा खरा आग्रह आहे तो जीवनसत्त्व बी-12 बद्दल. त्याची रोजची गरज 2 ते 2.5 मायक्रोग्रॅम इतकीच असली, तरी ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, आणि यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा, हातापायांना मुंग्या येऊ लागल्यावर, लक्षात येते. या आहारात दूधही सुटत असल्याने डॉक्टरांना विचारून बी-12 ची गोळी आरंभापासूनच घ्या.