लाल पेनाची नीती

शिक्षकी पेशातील नीती आणि मूल्यसंस्कार या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. काही पत्रे लांबलचक होती. त्यांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : शिक्षक-प्रशिक्षणातल्या सरावपाठासाठी मला ‘प्रामाणिकपणा’ हे मूल्य मिळाले. गोष्ट सांगितली, तात्पर्य काढून घेतले, मुलांनी उत्तरेही बरोबर दिली. तरी निरीक्षकांचा शेरा : ‘पाठ निर्जीव’. काय चुकले?

मुलांना उत्तर आधीच ठाऊक होते, हेच चुकले. ‘खोटे बोलणे बरोबर आहे का?’ असे विचारले की वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणतो आणि तिथेच पाठ संपतो. प्रश्न असा हवा की दोन्ही बाजूंना काहीतरी चांगले असेल. उदाहरणार्थ, चौघांच्या गटाला प्रकल्प दिला. एकीची आई आजारी पडल्याने तिने काहीच काम केले नाही. मुखपृष्ठावर तिचे नाव घालायचे का? इथे खरेपणा आणि मैत्री आमनेसामने येतात.

पस्तीस मिनिटांची तासिका असेल तर प्रसंग सांगायला पाच मिनिटे पुरेत. पुढची तीन मिनिटे प्रत्येकाने आपला निर्णय आणि एक कारण वहीत लिहायचे, कुणाशी न बोलता. ही पायरी गाळू नका. हात वर करायला लावलेत की अर्धा वर्ग आधी हुशार मुलांकडे बघतो आणि मग हात वर करतो. त्यानंतर चौघाचौघांत आठ मिनिटे, सगळ्या वर्गाची मिळून चौदा मिनिटे आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा वहीत : मत बदलले का, कशामुळे?

चर्चेत ‘का?’ विचारल्यावर मनात तीन अंक मोजा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतले संवाद टेप करून पाहिले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे दिसले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. दुसरी गोष्ट चेहऱ्याची. आवडत्या उत्तराला मान डोलावलीत की उरलेली मुले तेच उत्तर फिरवून देतात.

वयाचा अंदाज घ्या. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मुलांच्या नीतिविचारावरच्या १९३२च्या पुस्तकात कपांचा प्रसंग आहे : एका मुलाकडून नकळत पंधरा कप फुटतात, दुसऱ्याकडून चोरून मुरंबा काढताना एकच फुटतो. लहान मुले बहुधा पंधरा कपवाल्याला जास्त दोषी ठरवतात. हेतू बघायला ती पुढे शिकतात. तेव्हा सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे नाव घालण्याचा पेच टाकण्यापेक्षा ‘मुद्दाम केले की चुकून झाले?’ एवढेच घ्या.

आणि टाचणाच्या शेवटी ‘मूल्य रुजले’ असे लिहू नका. १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झालेल्या हार्टशोर्न आणि मे या अमेरिकन संशोधकांच्या अभ्यासात हजारो मुलांना फसवण्याची संधी मुद्दाम ठेवून पाहिले होते. एके ठिकाणी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या ठिकाणी तसेच वागेल याची खात्री देता येत नव्हती. पस्तीस मिनिटांत रुजण्याइतके मूल्य स्वस्त नसते. पाठात विचार करायची सवय लागते, तेवढे पुरे.

प्रश्न : पेपर तपासताना पक्षपात करत नाही असे मला वाटते. पण ओळखीच्या मुलाचा पेपर आला की पेन अडखळते. खात्री कशी करावी?

स्वतःच्या सचोटीवर भिस्त ठेवू नका, पद्धतीवर ठेवा. १९१२ मध्ये स्टार्च आणि एलियट या अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी गुण आले ६४पासून ९८पर्यंत. या शिक्षकांना त्या मुलाशी काही देणेघेणे नव्हते. म्हणजे मनात कुणाविषयी काही नसतानाही एवढा फरक पडतो. असले, तर विचारायलाच नको.

गठ्ठा हातात घेण्याआधी आदर्श उत्तर लिहून काढा आणि गुण फोडून ठेवा : पाच गुणांचा प्रश्न असेल तर कोणत्या मुद्द्याला दोन, कोणत्याला एक. मग कोणतेही पाच पेपर पेन्सिलीने तपासा. मुलांनी बरोबर, पण तुम्हाला न सुचलेली उत्तरे इथेच सापडतात. यादी सुधारा, पेन्सिलीचे गुण पुसा आणि खऱ्या तपासणीला लागा. नावाचे पान दुमडून पिन मारा. अक्षरावरून मूल ओळखू येतेच, ते टळत नाही. पण नाव समोर नसले तर निदान ओळखायला थोडे थांबावे लागते.

सगळ्यांत कामाची सवय म्हणजे एका मुलाचा पूर्ण पेपर सलग तपासायचा नाही. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा वरखाली करून सगळ्यांचा दुसरा. सलग तपासताना पहिले उत्तर झकास असले की चौथ्या प्रश्नातली चूक नजरेआड होते. गठ्ठा वरखाली करायचे कारण वेगळे. फार चांगल्या पेपरनंतर आलेला मध्यम पेपर उगाच मार खातो, आणि दर वेळी तोच खाली राहिला तर दमलेल्या डोळ्यांचा फटकाही त्यालाच. वीस-पंचवीस पेपर झाले की पहिले तीन पुन्हा बघा. हात सैल किंवा कडक झाला असेल तर तिथे कळते.

उत्तीर्ण व्हायला एक-दोन गुण कमी पडणाऱ्यांचे काय करायचे, हे तपासणीआधी ठरवून लिहून ठेवा. निकाल हातात आल्यावर केलेली दया नावे बघून होते. स्वतःच्या किंवा सहकाऱ्याच्या मुलाचा पेपर मात्र सरळ दुसऱ्याकडे द्या. ‘उलट मी त्याला जास्तच कडक तपासतो’ ही फुशारकी ऐकू येते, तोही अन्यायच.

प्रश्न : बेरजेत चुकून दोन गुण जास्त पडले. विद्यार्थिनी स्वतः ते सांगायला आली. गुण कमी करावेत, की खरेपणाचे बक्षीस म्हणून राहू द्यावेत?

कमी करा. गुण म्हणजे त्या उत्तरपत्रिकेत काय आहे त्याची नोंद. स्वभावाचे प्रमाणपत्र नव्हे. दोन गुण राहू दिलेत तर वर्गात बातमी पसरेल की खरे बोलले की गुण टिकतात, आणि पुढच्या वेळी कोण कशासाठी आले हे तुम्हाला ओळखता येणार नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चित्रे काढायची आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना आधीच बक्षीस कबूल केले. नंतर मोकळ्या वेळात हीच मुले चित्रांकडे कमी वळली. प्रयोग चित्रकलेचा होता, प्रामाणिकपणाचा नव्हे, पण ‘खरेपणाचा तारा’ चिकटवणाऱ्या तक्त्यांना तो इशारा पुरेसा आहे.

कमी कसे करायचे यात खरी मेख. वर्गासमोर नको, ‘बघा, ही किती प्रामाणिक’ असे तर मुळीच नको, त्या मुलीची मधल्या सुट्टीत थट्टा होते. टेबलाजवळ बेरीज तिच्यासमोर पुन्हा करा, जुना आकडा एका रेघेने खोडा, नवा लिहा, सही करा. म्हणा : ‘बेरीज माझी चुकली होती. सांगितलंस ते बरं झालं.’ चूक तुमची आहे, हे त्या वाक्यात आले पाहिजे.

खरा इलाज पुढचा आहे. पेपर हातात दिल्यावर दहा मिनिटे सगळ्यांना बेरीज तपासायला द्या. वाढलेले आणि घटलेले गुण सांगायची वेळ एकच, रांगही एकच. मग खरे सांगायला शूर असावे लागत नाही.

प्रश्न : वर्गात एका मुलीचा कंपास चोरीला गेला. कुणी कबूल होईना म्हणून सगळ्या वर्गाला तासभर उभे केले. पालकांची तक्रार आली. मी चुकलो का?

होय. चाळीसांतल्या एकोणचाळीस जणांना त्या तासात एवढेच कळले की निर्दोष असून काही फायदा नाही. ज्याने घेतला तो सगळ्यांत सुरक्षित होता, कारण तो गर्दीत होता. आता कबूल करायचे म्हणजे एकोणचाळीस जणांचा राग अंगावर घ्यायचा. कोण पुढे येईल? दप्तरे झडतीला घेऊ नका, कुणाचे नाव कागदावर मागू नका. ‘उद्या मधल्या सुट्टीपर्यंत कंपास कपाटाजवळच्या खोक्यात आला तर विचारपूस नाही,’ असे सांगा आणि शब्द पाळा. कुणाचा चेहरा पडलेला दिसला, तरीही पाळा. कंपास नाहीच आला, तर ज्यांच्याविषयी काही ठोस दिसले असेल त्यांच्याशी एकेकट्याने बोला. घेणारा सापडला, तर भरपाई वस्तूची. उपदेश दोन मिनिटांवर नको.

प्रश्न : वर्गातल्याच मुलांची खासगी शिकवणी घेण्यात वावगे काय? नियम आड येत नसेल तर?

नियम नसला तरी घेऊ नये. पैसे देणाऱ्याचा पेपर तुम्हीच तपासणार, हा गुंता सचोटीने सुटत नाही. तुम्ही सरळ असलात तरी न येणाऱ्या मुलाला तसे वाटणार नाही, आणि त्याला शंका घ्यायचा हक्क आहे. शिवाय नकळत एक घसरण होते : वर्गात अवघड भाग उरकता घ्यायचा, खुलासा संध्याकाळी. दुसऱ्या वर्गातली मुले घ्या. अगदीच इलाज नसेल तर मुख्याध्यापकांना आधी लेखी कळवा आणि त्या मुलांचे पेपर दुसऱ्याकडून तपासून घ्या. भेटवस्तूंचेही तेच : सगळ्या वर्गाने मिळून दिलेले पुस्तक वर्गाच्या कपाटात ठेवावे, एकट्या पालकाने आणलेले पाकीट न उघडता त्याच दिवशी परत करावे. निकालानंतर आणले असेल तरीही, कारण धाकटे भावंड पुढच्या वर्षी तुमच्याच वर्गात असते.