बोट घेताय? आधी आडवे होऊन बघा

पहिलीच शिडाची बोट घेताय, ३२-३४ फुटी, आणि झोपायची सोय कशी बघायची असं विचारलंत, तर आधी अभिनंदन! पहिल्या बोटीला ही झकास साइज. पण ब्रोशरमध्ये '६ जण झोपतात' लिहिलंय त्यावर जाऊ नका, ६ झोपतात ते बंदरात, आणि तेही सामान दुसरीकडे कुठेतरी ठेवून :)

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पुढच्या टोकाचा तो व्ही आकाराचा डबल बेड बघून हुरळून जाणं. नांगर टाकल्यावर तो मस्तच, वर हॅच (छतातली उघडणारी खिडकी) असल्याने हवा पण छान येते. पण गोव्याहून मुंबईला परत येताना उत्तर-पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, बोट लाटांवर आपटत चालते आणि पुढे झोपलेला माणूस अक्षरशः उडतो, झोप कसली. चालत्या बोटीत झोपायची जागा मधलीच, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. तेव्हा सलूनमधला (म्हणजे बोटीच्या मधल्या बैठकीच्या खोलीतला) निदान एक बाक सरळ आणि सव्वासहा फूट लांब हवा, गोलाकार सोफा दिसायला भारी पण झोपायला बेकार. बाक अरुंद असला तर उलट चांगलं, माणूस लोळत नाही, फक्त कडेला पडू नये म्हणून बांधायचं कापड असायला हवं.

मागची केबिन रुंद असते पण डोक्यावर कॉकपिट (बोट चालवणाऱ्यांची बसायची जागा), बाजूला इंजिन, आपल्या उकाड्यात तर भट्टीच.

बघायला जाल तेव्हा लाजू नका, बूट काढून प्रत्येक बेडवर १० मिनिटं पडा, कूस बदला, जोडीदारालाही घेऊन जा. आणि गादी उचलून खाली ओल किंवा बुरशी आहे का तेवढं बघा.

कॅटामरानचं (दोन सांगाडे जोडलेल्या बोटीचं) नंतर बोलू.