परकी राणी वारुळात शिरते कशी?

प्रश्न : सर, काही मुंग्यांची राणी परक्या वारुळात घुसून राज्य करते म्हणे. तिथल्या मुंग्या तिला ओळखत नाहीत का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : ओळखतात, आणि आधी तुटूनही पडतात. ही ओळख वासाची. अंगावरच्या मेणचट थरातल्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण दर वारुळाचं वेगळं असतं. पॉलिअर्गस जातीची राणी पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथीतलं रसायन सोडून हल्लेखोरांना थोपवते, त्या वारुळातल्या फॉर्मिका नावाच्या मुंग्यांच्या राणीला गाठते, कोयत्यासारख्या जबड्यांनी चावत राहते आणि मधेमधे चाटते. मूळ राणी मरेपर्यंत तिचा वास हिच्या अंगाला लागलेला असतो. मग त्याच कामकरी मुंग्या हिला भरवतात, हिची अंडी सांभाळतात! मला थक्क करतं ते पुढचं. हिच्या मुलींना आयतं भरवावं लागतं, म्हणून त्या शेजारच्या फॉर्मिका वारुळांवर धाडी घालून कोष पळवतात. त्यांतून निघालेल्या मुंग्या त्या घरालाच आपलं मानून राबतात.

पॉलिअर्गस युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाच्या थंड भागातली. गिरगावात दिसणार नाही. वासाची ओळख मात्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जरूर बघा. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या ओंबिलांच्या दोन वसाहती भिडतात, तिथे आधी मिशा लागतात आणि मगच जबडे.