काळ्या जमिनीतील मोसंबीच्या बागेला चेन लिंक जाळी कोणती घ्यावी आणि कशी बसवावी?

अंबड तालुक्यात आपली दोन एकर मोसंबी आहे, रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांचा उपद्रव आहे, दुकानदार दहा गेजची जाळी घ्या म्हणतो आणि गुत्तेदार बारा गेज पुरे म्हणतो. तेव्हा कोणाचे ऐकावे, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की जाळी दहा गेजचीच घ्यावी, पण तिची चौकट, म्हणजे विणीतल्या एका छिद्राचे माप, दोन इंची न घेता तीन इंची घ्यावी, आणि खरे लक्ष जाळीपेक्षा खांबांकडे द्यावे.

गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड असते. दहा गेजची तार सुमारे ३.२५ मिलिमीटर, तर बारा गेजची सुमारे २.६४ मिलिमीटर भरते. फरक लहान वाटला तरी त्याच चौकटीची दहा गेजची जाळी बारा गेजच्या दीडपट वजनाची होते. चौकट दोन इंचांवरून तीन इंचांवर नेली की तार एक तृतीयांशाने कमी लागते. म्हणजेच तीन इंची दहा गेज आणि दोन इंची बारा गेज यांचे वजन, आणि म्हणून किंमतही, जवळपास सारखीच येते. दोन इंची चौकट कोंबड्या किंवा ससे अडवायच्या असतील तेथे उपयोगी आहे. डुकराच्या धडकेपुढे तारेची जाडीच कामाला येते. दर किलोवर असो की फुटावर, बिलावर गेज, चौकट आणि वजन लिहून घ्यावे आणि दुकानातच व्हर्नियरने (जाडी मोजण्याच्या साधनाने) तार मोजून पाहावी. जस्ताचा थर गरम जस्तात बुडवून दिलेला असावा; तारेचा तुकडा घट्ट वाकवल्यावर थर पापुद्र्यासारखा निघाला, तर तो माल घेऊ नये.

आता खांबांविषयी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, त्यामुळे वरवर रोवलेला खांब दोन-तीन वर्षांत हमखास कलतो. खड्डा किमान दोन फूट खोल घ्यावा, मुरूम जवळ असेल तर मुरमापर्यंत न्यावा, आणि तो तळाशी तोंडापेक्षा थोडा रुंद ठेवावा, म्हणजे फुगणारी माती काँक्रीटचा गठ्ठा वर उचलू शकत नाही. काँक्रीट सिमेंट, वाळू आणि खडी एकास दोन-चार या प्रमाणात घालून त्याला किमान सात दिवस पाणी मारावे. त्याआधी जाळी ओढण्याची घाई गुत्तेदार करतो, ती करू देऊ नये. लोखंडी अँगल असो वा सिमेंटचा खांब, लांबी आठ फूट असावी: दोन फूट जमिनीत, पाच फूट जाळी आणि वरच्या एका फुटात काटेरी तारेच्या दोन ओळी. रोही उंच उडी मारणारे जनावर असल्याने या दोन ओळी टाळू नयेत.

दोन खांबांत दहा फुटांपेक्षा जास्त अंतर नको. जागा चौरस असेल तर दोन एकरांचा घेर सुमारे ११८० फूट येतो, पण दीडशे फूट रुंदीच्या लांबट पट्ट्याला तोच सुमारे १४६० फूट होतो. म्हणून एकरावरून अंदाज न बांधता धुरा (शेताचा बांध) टेपने मोजावा. जाळीचा सारा ताण कोपऱ्यांवर येतो, तेव्हा प्रत्येक कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही दिशांनी तिरपे टेकू द्यावेत, आणि सरळ ओळीतही साधारण दीडशे फुटांवर एका खांबाला दोन्ही बाजूंनी टेकू असावा.

जाळी लावण्यापूर्वी वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा टर्नबकलने (फिरवून तार ताणण्याच्या आकड्याने) ताणून घ्याव्यात आणि मग जाळी त्यांना बांधावी. दोन गुंडाळ्या जोडताना बांधणीच्या तारेने टाके मारण्याची गरज नसते: एका गुंडाळीच्या टोकाची नागमोडी तार स्क्रूसारखी फिरवत सोडवायची, दोन्ही टोके शेजारी धरून तीच तार वरून फिरवत खाली उतरवायची, की जोड ओळखूही येत नाही. जाळी ओढल्यावर तिची उंची थोडी कमी होते, हे लक्षात ठेवून खालची कड जमिनीला टेकलेली आहे ना ते पाहावे. डुकरे जाळीवरून नव्हे, खालून घुसतात. खालच्या कडेलगत एक काटेरी तार घट्ट ताणून सखल जागी दगड रचावेत. जाळी ओल्या काळ्या मातीत पुरल्यास ती लवकर गंजते. ओढा आडवा येत असेल तेथे मुख्य जाळी नेऊ नये, कारण पहिल्याच पुरात त्यात धसकटे अडकून खांब आडवे होतात; तेवढा भाग वेगळा, सुटा लोंबता ठेवावा.

कुंपणात घरगुती वीज सोडण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. कृपया तो मुळीच ऐकू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात शेजारची, घरची माणसे जातात.

खड्डे घेण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या कराव्यात, आणि सामायिक धुऱ्यावरून कोणाची वहिवाटीची वाट असेल तर ती मोकळी ठेवावी. फाटक किमान बारा फुटांचे असावे, म्हणजे मोसंबी भरलेली ट्रॉली वळून आत-बाहेर करू शकेल. त्याचे खांब इतरांपेक्षा जाड घेऊन तीन फूट खोल रोवावेत आणि जाळीचा ताण त्यांच्यावर न टाकता शेजारी वेगळ्या खांबावर घ्यावा, नाहीतर फाटक लवकरच जमिनीला घासू लागते.